टोपणनावांचा अभ्यास सुरू करताना

राजांच्या टोपणनावांची यादी करून त्यांचे स्वभाव ठरवू नका. आधी पाहा, ते नाव पहिल्यांदा कोणी आणि कधी लिहिलं? 888 साली वारलेल्या चार्ल्स या फ्रँक सम्राटाला आज सगळे ‘लठ्ठ’ म्हणतात, पण ते नाव त्याच्यामागे कित्येक पिढ्यांनी लागलं. त्याच्या अंगकाठीचा पुरावा म्हणून ते चालणार नाही.

सुरुवात फ्रँकांचा राजा शार्लमेन (इ.स. 800च्या आसपास) याच्या दरबारापासून करा, असं मी आग्रहाने सांगेन. इथे नावं त्याच काळातल्या पत्रांत आणि कवितांत सापडतात. दरबारातला विद्वान आल्क्विन स्वतःला फ्लॅकस म्हणवी, म्हणजे रोमन कवी होरेस. दरबारी कवी अँगिलबर्ट होता होमर. इमारतींच्या कामांशी जोडलेल्या आइनहार्टला बायबलमधल्या कारागिराचं, बसालेलचं नाव. आणि खुद्द शार्लमेनला नाव बायबलमधल्या दावीद राजाचं! राजाला असं संबोधता येणं ही केवढी जवळीक. पण त्या नावात अपेक्षाही होती: दावीदासारखं धर्माने राज्य कर. म्हणून प्रत्येक वेळी पाहा, नाव कोण घेतंय, कोणासमोर, आणि कोणाला ते घेण्याची मुभा नाही.

व्यंगावरचं नाव दिसलं की लगेच हेटाळणी समजू नका. सांक्ट गालेनच्या मठातला नोटकर स्वतःच स्वतःला तोतरा म्हणवतो; भिक्षूच्या लेखणीत ती नम्रता असते.

आइसलँडच्या सागा, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथा, नंतर वाचा. त्या आधीच्या काळाबद्दल सांगतात, पण बहुतेक 13व्या शतकात किंवा त्यानंतर लिहिल्या गेल्या, हे विसरू नका. तिथे टोपणनाव देणाऱ्याने भेटवस्तू द्यायची रीत दिसते. तसे प्रसंग वेगळ्या वहीत टिपत चला.