पावडरने किडनी खराब होईल का? : एका भरतीच्या मुलाचे प्रकरण

व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : प्रोटीन पावडरने मुलाची किडनी खराब होईल का? मुलाचा प्रश्न वेगळा असतो. त्याला कोणत्या कंपनीची पावडर घ्यावी एवढेच हवे असते. आहार समुपदेशक म्हणून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी देते. मात्र त्याआधी मुलगा दिवसभरात काय जेवतो, हे दोघांपैकी कोणीच सांगितलेले नसते, आणि ते कळल्याशिवाय दोन्ही उत्तरे अर्धवट राहतात. पुढील प्रकरण कुटुंबाच्या संमतीने मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा वीस वर्षांचा, वजन 62 किलो. पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला धावणे, मग महाविद्यालय आणि संध्याकाळी जिम. वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कामाला, आजोबा तरुणपणी तालमीत कुस्ती केलेले. त्याने साठवलेल्या पैशांतून पावडरचा एक मोठा डबा आणला आणि घरात वाद सुरू झाला. आईची भीती हवेतली नव्हती. तिचा सख्खा भाऊ डायलिसिसवर होता आणि डॉक्टरांनी त्याला डाळी, मटण, अंडी मोजून खायला सांगितली होती. “प्रोटीननं किडनीवर ताण येतो म्हणून तर त्याला बंद केलं, मग हा डबाभर कशाला खातोय?” हा तिचा युक्तिवाद होता, आणि तिला माहीत असलेल्या गोष्टींवरून तो अगदी तर्कशुद्ध होता.

तिला मी प्रथम भावाचा आजार कशाने झाला ते विचारले. अनेक वर्षांचा मधुमेह आणि त्यासोबत उच्च रक्तदाब. आपल्याकडे मूत्रपिंडे निकामी होण्याची ही दोन मोठी कारणे आहेत. मूत्रपिंडाचे काम आधीच मंदावलेल्या माणसाला प्रथिने मोजून देतात, कारण प्रथिनांच्या पचनानंतर तयार होणारा युरिया बाहेर टाकण्याची त्याची क्षमता घटलेली असते. निरोगी माणसाने प्रथिने वाढवली की मूत्रपिंडांतून रक्त गाळण्याचा वेग काहीसा वाढतो, परंतु व्यायाम करणाऱ्या निरोगी व्यक्तींवर झालेल्या अभ्यासांत एवढ्यावरून मूत्रपिंडांना इजा झाल्याचे दिसलेले नाही. रुग्णाचे पथ्य निरोगी मुलाला लावण्याचे कारण नाही, हे तिला पटले. मात्र मामांना असा आजार असल्यामुळे मुलाचा रक्तदाब, रक्तातील साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातील घटक) आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन एकदा तपासून घ्यावे, हे मीही सुचवले. कुटुंबात मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पावडरचा विचार करण्यापूर्वी ही तपासणी मी नेहमीच करून घ्यायला सांगते.

अहवाल आला आणि घरात पुन्हा धावपळ झाली, कारण क्रिएटिनिन 1.4 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते आणि प्रयोगशाळेने त्यापुढे ते जास्त असल्याची खूण केली होती. बाकी सर्व आकडे व्यवस्थित होते. या टप्प्यावर मी मुलाला आईशिवाय एकट्याला बसवले. हे मी वीस वर्षांच्या आसपासच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत करते, कारण जिममध्ये डब्याखेरीज आणखी काय मिळते, ते आईसमोर कोणी बोलत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेतली आहेत का, असे स्पष्ट विचारले. तसे काही नव्हते; पाठीवर अचानक उठलेले मुरूम, छातीत गाठ किंवा दुखरेपणा, चिडचिड यांपैकीही काही नव्हते. पण जिममधील एका सहकाऱ्याने त्याला पांढऱ्या भुकटीची प्लास्टिकची पुडी दिली होती आणि “क्रिएटिन आहे, रोज एक चमचा” असे सांगितले होते.

क्रिएटिन आणि क्रिएटिनिन यांचा संबंध सरळ आहे : स्नायूंमधील क्रिएटिनचे रूपांतर होऊन क्रिएटिनिन तयार होते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. वरून क्रिएटिन घेतले की मूत्रपिंडे उत्तम असूनही रक्तातील हा आकडा थोडा वाढू शकतो. आदल्या दिवशी जड व्यायाम केला असेल किंवा भरपूर मटण खाल्ले असेल तरीही तो वाढतो, आणि या मुलाने या दोन्ही गोष्टी रविवारी करून सोमवारी सकाळी रक्त दिले होते. अर्थात, हे असेच असेल असे मानून गप्प बसणे माझ्या अधिकारात नाही. मी त्यांना फिजिशियनकडे पाठवले. त्यांनी पुडी बंद करायला लावली आणि स्नायूंच्या वजनावर फारसे अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी ही तपासणी करून घेतली, ती व्यवस्थित आली. काही आठवड्यांनी, दोन दिवस व्यायाम थांबवून केलेल्या चाचणीत क्रिएटिनिनही नेहमीच्या मर्यादेत होते. क्रिएटिन हा पदार्थ मुळात बराच अभ्यासलेला असून दिवसाला 3 ते 5 ग्रॅम ही त्याची प्रचलित मात्रा आहे. माझा आक्षेप पुडीला होता. जिच्यावर नाव, वजन, उत्पादनाची तारीख यांपैकी काहीच नाही, त्या पुडीत क्रिएटिनच आहे हे कोणी सांगावे?

हे निस्तरल्यावर आम्ही डब्याकडे वळलो. मुलाने तो पिशवीतून सोबत आणला होता. डबा प्रोटीन पावडरचा नव्हताच, तो वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘मास गेनर’चा होता. मागील तक्ता आम्ही दोघांनी मिळून वाचला. 100 ग्रॅम भुकटीत प्रथिने 15 ग्रॅम आणि कर्बोदके 78 ग्रॅम. घटकांच्या यादीत पहिले नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून बनवलेले, साखरेसारखेच झटपट पचणारे कर्बोदक. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे यादीतील पहिले नाव सर्वांत महत्त्वाचे असते; ते मोठ्या अक्षरातील जाहिरातीपेक्षा आधी वाचावे. डबा लवकर संपू नये म्हणून मुलगा सांगितलेल्या प्रमाणापेक्षा कमी, रोज सुमारे 50 ग्रॅम भुकटी पाण्यात घालून घेत असे. म्हणजे त्याला त्यातून साडेसात ग्रॅम प्रथिने मिळत होती. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात. ज्या गोष्टीवरून घरात महिनाभर अबोला होता, ती जेमतेम सव्वा अंड्याची होती, हे ऐकून मुलगा ओशाळला आणि आईला पहिल्यांदा हसू आले.

याहून महत्त्वाचे दुसरेच निघाले. डबा आल्यापासून त्याने सकाळचे दूध आणि अंडी बंद केली होती, कारण “डब्यात सगळं आहे” असे त्याला वाटत होते. तीन दिवस खाल्लेले सर्व लिहून आणायला सांगितले, त्या टिपणात सकाळी चहा-खारी, मग पोहे, दुपारी दोन भाकरी, भाजी, आमटी-भात, संध्याकाळी कधी वडा-पाव, रात्री चपाती-भाजी-भात असा क्रम होता. तांबडा-पांढरा रस्सा फक्त रविवारी. हिशेब केला तेव्हा रविवार सोडता दिवसाची प्रथिने 52 ग्रॅमच्या आसपास भरली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ भारतीयाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 62 किलोला सुमारे 51 ग्रॅम. बैठे काम करणाऱ्यासाठी हे ताट पुरेसे होते. रोज धावणाऱ्या आणि वजने उचलणाऱ्यासाठी क्रीडा पोषणात साधारणपणे किलोमागे 1.4 ते 2 ग्रॅम असा पल्ला धरतात. मी त्याच्यासाठी 1.4 ते 1.6 धरला, तेव्हा लक्ष्य 87 ते 99 ग्रॅम झाले आणि तूट निघाली 35 ते 47 ग्रॅमची.

ही तूट भरायला डबा लागतोच असे नाही. तीन अंडी 18 ग्रॅम, अर्धा लिटर म्हशीचे दूध जवळपास तेवढेच आणि मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, शेंगदाणे सात ग्रॅम. मिळून 43 झाले. दुपारच्या आमटीऐवजी घट्ट वरण किंवा मटकीची उसळ वाटीभर घेतली तर वरची सीमाही गाठता येते. ही यादी सांगताना आजोबाही सोबत आले होते. गंगावेशीच्या तालमीत म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन, बदामाची थंडाई घोटून आणि शेकड्यांनी जोर-बैठका मारून पैलवान तयार होत, असे ते अभिमानाने म्हणाले, आणि मी त्यांना एवढेच दाखवून दिले की तालमीतील खुराक म्हणजे जास्त प्रथिनांचाच आहार होता. त्यांचा विरोध पावडरीतील ‘केमिकल’ला होता. बहुतेक प्रोटीन पावडरी व्हेच्या असतात आणि व्हे म्हणजे चीज करताना दुधातून निघणारे पाणी, तेच गाळून, वाळवून त्याची भुकटी करतात, हे समजल्यावर तो विरोध बराच निवळला. पूर्णपणे मात्र नाही. माझ्या मते तेही चुकीचे नाही, कारण भेसळीची शंका घेणे या बाजारात शहाणपणाचेच आहे.

भेसळ कशी होते, हे मुलाला मी सविस्तर सांगितले. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत पदार्थातील नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरलेल्या अंकाने गुणतात, साधारणतः 6.25 ने. त्यामुळे नायट्रोजन असलेला कोणताही स्वस्त पदार्थ मिसळला की कागदावर प्रथिने वाढलेली दिसतात. 2008 मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळले गेले, त्यामागे हीच युक्ती होती. पावडरीत याच हेतूने ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त अमिनो आम्ले घालतात. ती घटकांच्या यादीत वेगळी लिहिलेली दिसली, तर तो डबा दुकानातच ठेवून द्यावा. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये 100 ग्रॅममागे साधारण 70 ते 80 ग्रॅम प्रथिने असतात, अधिक गाळून शुद्ध केलेल्या आयसोलेटमध्ये 90 च्या आसपास. आयसोलेट महाग असते. दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्याला त्यातील लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, कमी असल्याने ते सोसते, इतरांनी त्यावर जास्तीचे पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही. डब्यावर एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक असतो आणि तो त्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. क्रमांक खरा असला म्हणून आतील माल अस्सलच असतो असे नाही, पण तो खोटा निघाला तर पुढे पाहण्याची गरज उरत नाही.

किमतीचा हिशेबही त्याला शिकवला. समजा, किलोचा डबा 3000 रुपयांना आहे आणि 100 ग्रॅमला 75 ग्रॅम प्रथिने आहेत. मग डब्यात 750 ग्रॅम प्रथिने झाली आणि एक ग्रॅम चार रुपयांना पडले. सात रुपयांच्या अंड्यातील एक ग्रॅम सव्वा रुपयाच्या आत पडते. त्याने हा हिशेब स्वतःच्या गेनरला लावला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

भरतीच्या ग्राउंडचाही विचार करावा लागला. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 1600 मीटर धावण्याला 20, तर 100 मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी 15 गुण आहेत. छाती भरली पाहिजे आणि गोळा लांब गेला पाहिजे या ओढीने मुले गेनर घेतात, परंतु सर्वाधिक गुणांच्या 1600 मीटरमध्ये पोटावर चढलेले वजन सोबत घेऊन धावावे लागते. जी मुले पुढे स्पर्धात्मक कुस्ती किंवा कबड्डीकडे वळणार असतील, त्यांना मी आणखी एक गोष्ट बजावते : उत्तेजक चाचणीत दोष आढळला, तर पावडरीत काय होते हे मला ठाऊक नव्हते, ही सबब खेळाडूला सोडवत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पूरके टाळण्याचा सल्ला दिला आहे. सर्वसामान्यांसाठी तो मला योग्य वाटतो आणि पहिल्या भेटीत मी क्वचितच पावडर सुचवते. या मुलालाही दोन महिने ताटावरच ठेवले. अडचण आली ती श्रावणात. घरात महिनाभर अंडी-मटण बंद आणि त्याच सुमारास सरावाचा भार वाढलेला. दूध, पनीर, सोयाबीनच्या वड्या यांवर भागवता आले असते, पण सोया वड्या त्याला पचत नव्हत्या आणि पहाटे धावून थेट महाविद्यालयात जायचे असल्याने सकाळचे दूध राहून जायचे. तेव्हा साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटचा डब्यातील मापाचा एक चमचा, सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे 20-22 ग्रॅम प्रथिने, धावून आल्यावर पाण्यात घ्यावा असे ठरले. चमच्यांची संख्या वाढवायची नाही आणि जेवण कमी करायचे नाही, या दोन अटींवर.

आजीने उपवासाला ही पावडर चालते का, असे विचारले. दुधाचीच आहे, हे मी सांगितले. मात्र चीज करताना दूध साकळवण्यासाठी वापरले जाणारे रेनेट कधी प्राण्यापासून मिळवलेले असते, म्हणून डब्यावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा, असेही सुचवले. चालते की नाही, हे घराने ठरवायचे होते. त्यांनी सोमवार सोडून बाकीचे दिवस चालवून घेतले, आणि अर्धा उरलेला गेनरचा डबा वडिलांनी दुकानदाराकडे परत नेऊन पाहिला, पण फोडलेला डबा त्याने घेतला नाही.