यूएफसी ५ नव्याने खेळताय? एवढं सांभाळा

मित्रा, मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशा) लढतींचा हा गेम पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवरच आहे, पीसीवर नाही. नाशिकमधल्या एखाद्या गेमिंग कॅफेत तासभर खेळून बघ, मगच खिशात हात घाल.

उभ्याने होणारी मारामारी जबरदस्त आहे. डोळ्यावरची जखम फार वाढली तर डॉक्टर लढतच थांबवतो. करिअर मोड (एकच खेळाडू घेऊन लढतीमागून लढत पुढे जायचं) मात्र लवकर कंटाळवाणा होतो.

नवखे फसतात ते इथे:

- बटणं बडवत सुटतात. हुकलेला ठोसा जास्त दम खातो. दोन-तीन ठोसे मार, मागे हो.
- फक्त डोक्यावर मारतात. पोटात मार, पुढच्या राउंडला समोरचा धापा टाकतो.
- टेकडाउन येताना, म्हणजे समोरचा धरून खाली पाडायला येताना, नुसतं आर२ (पीएस कंट्रोलरवरचं वार अडवायचं बटण) धरून बसतात. त्याने फक्त तोंड झाकतं. एल२ आणि आर२ एकत्र दाब.

सबमिशनचं, म्हणजे पकडीत अडकवून हार मानायला लावण्याचं, नंतर बघू.