सुरतेला जावे की घरी राहावे?

प्रश्न : सप्रेम सलाम. मी नवापूर तालुक्यातील एका गावची राहणारी असून, जीएनएम (परिचारिकेचा अभ्यासक्रम) पूर्ण करून एका लहान खासगी दवाखान्यात काम करते. तेथे पगार वेळेवर मिळत नाही. आता सुरतेच्या एका मोठ्या रुग्णालयात माझी निवड झाली आहे व महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. वडिलांना मागच्या वर्षी लकवा मारला. घरी आई असते आणि भाऊ नंदुरबारला कॉलेजात शिकतो. मी उपास-प्रार्थना केली. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले तेव्हा उत्पत्ती १२:१ निघाले, त्यात बापाचे घर सोडून जाण्यास सांगितले आहे. दुसऱ्या वेळी यिर्मया ४२:१० निघाले, तेथे ‘या देशात राहाल तर’ असा आशीर्वाद आहे. प्रार्थना सभेत आलेल्या एका पाहुण्या सेवकाने डोक्यावर हात ठेवून ‘प्रभू तुला पश्चिमेकडे पाठवत आहे’ असे सांगितले. त्यामुळे माझा गोंधळ अधिकच वाढला आहे. देवाची इच्छा कशी ओळखावी?

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्यासमोरचे दोन्ही मार्ग चांगले आहेत, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. पाप कोणते आणि पुण्य कोणते असा हा प्रश्न नसून, रुग्णांची सेवा कोठे राहून करावी आणि आई-वडिलांचा सांभाळ कसा करावा, एवढाच तो आहे. त्यामुळे एका मार्गावर पाऊल पडले तर देव कायमचा रुसेल, ही जी भीती आपल्या पत्रातून जाणवते, तिला शास्त्रात आधार नाही.

आपल्याला जी दोन वचने निघाली, ती दोन्ही संपूर्ण अध्यायासह वाचावीत अशी माझी विनंती आहे. अब्रामाला, म्हणजे पुढे अब्राहाम म्हटल्या गेलेल्या पूर्वजाला, देश सोडण्याची आज्ञा झाल्याचे आपण बाराव्या अध्यायात वाचतो, पण त्याच्या लगेच आधीच्या ओवीत त्याचा बाप तेरह हारानात मरण पावल्याची नोंद आहे, आणि प्रेषितांची कृत्ये ७:४ मध्ये स्तेफनही बाप मेल्यावर अब्राहाम तेथून निघाला असेच सांगतो. तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या पित्याला सोडून जाण्याचा परवाना म्हणून या ओवीचा वापर करता येणार नाही. अर्थात, त्यावरून आपण जाऊच नये असेही ठरत नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बेचाळिसावा अध्याय तर आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. यरुशलेम पडले होते, बाबेलच्या राजाने नेमलेल्या अधिपती गदल्याचा खून झाला होता, आणि उरलेले लोक योहानान या सेनानायकाच्या मागे बेथलेहेमाजवळ येऊन मुक्काम करून होते. ते यिर्मयाकडे येऊन म्हणाले की, आमच्यासाठी प्रार्थना कर. उत्तर बरे असो वा वाईट, आम्ही ते मानू. यिर्मयाने तत्काळ उत्तर दिले नाही; परमेश्वराचे वचन त्याला दहा दिवसांनंतर मिळाले. देशातच राहा, असे ते वचन होते. ते ऐकताच लोकांनी ‘तू खोटे बोलतोस’ असे म्हटले व तुझा लेखक बारूख याने तुला चिथवले असा आरोप केला, कारण मिसराला (इजिप्तला) जायचे हे त्यांनी यिर्मयाकडे येण्यापूर्वीच ठरवून टाकले होते. मागच्याच अध्यायात, ४१:१७ मध्ये, तसे स्पष्ट लिहिले आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण मार्गदर्शन मागतात तेव्हा खरे तर शिक्कामोर्तब मागत असतात, असे माझे मत आहे. म्हणून गुडघे टेकण्यापूर्वी स्वतःला विचारावे : ‘जाऊ नको’ असे उत्तर आले तर मी ते ऐकेन का, आणि ‘जा’ असे आले तर घरच्या काळजीचे निमित्त पुढे करणार नाही ना?

पाहुण्या सेवकाच्या शब्दांविषयी थोडक्यात लिहितो. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल संदेशांचा धिक्कार करू नका असे सांगतो, आणि लगेच सर्व गोष्टींची पारख करा असेही सांगतो. नवापूरहून कामधंद्यासाठी निघालेला माणूस बहुधा पश्चिमेकडेच जातो. आपल्या रेल्वे स्टेशनाचाच काही भाग गुजरातेत आहे! त्यामुळे हा संदेश आदराने ऐकून ठेवावा, परंतु त्यावर निर्णयाचा सगळा भार टाकू नये. आपल्या पाळकांना व मंडळीतील एखाद्या जाणत्या वडीलजनांना, जे आपले घर ओळखतात, त्यांना तो सांगावा.

कामात अडथळे आले म्हणजे देवाची ना आहे, आणि सगळे सुरळीत झाले म्हणजे हो आहे, हा हिशेबही फसवा असतो. इफिसात मोठे दार उघडले आहे आणि विरोधकही पुष्कळ आहेत, असे पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी लिहितो, व म्हणूनच तेथे थांबतो. उलट बिथुनियात जाण्याचा त्याचा बेत चांगला असूनही पवित्र आत्म्याने त्याला जाऊ दिले नाही, आणि मासेदोनियास बोलावणारा दृष्टान्त त्याला त्रोवसास पोहोचल्यावर झाला. म्हणजे वाट दिसण्यापूर्वी तो चालत होता.

आता आपल्या बाबतीत चालणे म्हणजे काय, ते पाहू. सुरतेत राहण्याची सोय रुग्णालय करणार की खोली घ्यावी लागणार, घरी महिन्याला किती रक्कम पाठवता येईल, रात्रपाळ्या व साप्ताहिक सुटी यांची रचना कशी आहे, वडिलांना उठवणे-बसवणे आईला एकटीला जमते का, पेरणीच्या व भात लावणीच्या दिवसांत कोणाचा हात लागेल, ही माहिती कागदावर मांडावी. याला कमी आध्यात्मिक समजू नये. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूनेच दिला आहे. माहिती अपुरी राहिली तर रुग्णालयाकडे आठ-दहा दिवसांची मुदत मागण्यास हरकत नाही.

शेवटी एक गोष्ट विचारतो. आपल्या पत्रात पाहुण्या सेवकाचे मत आहे, उघडलेल्या ओव्या आहेत, पण वडिलांचे म्हणणे कोठेही आलेले नाही. लकव्याने बोलणे अडखळत असले तरी मुलीने कोठे राहावे याविषयी त्यांना काही वाटत असेलच. महिनाअखेर येण्यापूर्वी एका संध्याकाळी, आई व भाऊ घरी असताना, त्यांच्या खाटेजवळ बसून हा प्रश्न त्यांनाही विचारावा.