समुद्रकाठी नऊ वर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणता येईल का? गंज कसा थांबवायचा?

तुम्ही लिहिलंय की घर अलिबागजवळ, आजोबांची १९७६ची पद्मिनी, नऊ वर्षं आंब्याखालच्या शेडमध्ये उभी. गावातला पेंटर म्हणतो, "वरून रंग, खालून डांबर, दोन महिन्यांत नवी करून देतो." आणि तुम्हाला विचारायचंय की एवढ्याने गंज थांबेल का, की खाऱ्या वाऱ्यात हा नादच सोडावा.

एवढ्याने थांबणार नाही. नादही सोडू नका.

हे मी अनुभवाने सांगतोय, कारण हीच चूक मी पूर्ण पैसे मोजून केली आहे. आमचं घर गुहागरच्या बाजूला. वडिलांची फियाट (पद्मिनी असली तरी घरात सगळे फियाटच म्हणायचे, डुक्कर फियाट ती वेगळी, हिच्या आधीची, गोल पाठीची) मी अशीच एकाकडे दिली. गाडी आली तेव्हा आरशासारखी चमकत होती, शेजारपाजारचे बघायला आले. दुसऱ्या पावसाळ्यात, गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी पुसताना दाराखाली रंगाला फोड आलेले दिसले. एकावर अंगठा दाबला तर अंगठा आत गेला. मग तिथलं सगळं खरवडलं. बोटाएवढ्या जाडीची पुट्टी, आणि तिच्यामागे आधाराला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. क्रिकेटचा स्कोअर अजून वाचता येत होता. पत्रा मात्र उरला नव्हता.

तेव्हा कळलं ते असं, की ही गाडी बाहेरून आत गंजत नाही, आतून बाहेर गंजते. रंगावर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा केव्हाच गेलेला असतो. म्हणून न दिसणाऱ्या भागावर आधी पैसे घाला.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. त्याच काळातल्या स्टँडर्ड हेराल्डला खाली वेगळी चासी होती आणि बॉडी वर बोल्टने बसवलेली. पद्मिनीला तशी चासी नाही. फ्लोअरचा पत्रा, दारांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पट्टी (सिल), मधल्या आडव्या पेट्या, हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे सिल सडली की नुसती शोभा जात नाही, गाडीचं हाड जातं. दार उघडल्यावर किंचित खाली येत असेल किंवा बंद करताना उचलावं लागत असेल, तर बिजागरीला दोष देण्याआधी सिल बघा.

या पट्ट्या आतून पोकळ, आणि त्यांना आतून नीट रंग कधीच लागलेला नसतो. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून, दाराच्या काचेच्या फटीतून आत येतंच. ते रोखता येत नाही, रोखायचंही नसतं, त्याला बाहेरची वाट द्यायची असते. दारांच्या तळाशी आणि सिलच्या खालच्या कडेला त्यासाठी भोकं ठेवलेली असतात. नऊ वर्षं आंब्याखाली उभ्या गाडीत ती पानांच्या चुऱ्याने बुजलेली असणार. मग आत ओल, वर खारी हवा. मीठ स्वतः हवेतला ओलावा ओढून धरतं आणि त्या ओलीतून गंजाचं काम झपाट्याने होतं. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यातही पत्रा आतून पूर्ण सुकत नाही.

आता तुमच्या पेंटरच्या डांबराकडे येतो. गंजलेल्या पत्र्यावर डांबर किंवा रबरी अंडरकोटिंग मारलं तर गंज झाकला जातो, थांबत नाही. चार महिन्यांत कडेने बारीक भेग पडते, पाणी आत शिरतं आणि आतल्या आत मुरतं. वरून डांबर काळंभोर दिसतंय म्हणून तुम्ही खूश. शिवाय डांबर मारणारा पोरगा ती पाण्याची भोकंही इमानदारीने बुजवून टाकतो! स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर अंडरकोटिंग चांगलंच, पण तो शेवटचा थर आहे.

तेव्हा पेंटरकडे जायच्या आधी एक रविवार काढा. पायपुसण्या, गालिचा, त्याखालचा नमदा सगळं उपसून बाहेर टाका (नमदा फेकूनच द्या, तो स्पंज आहे). फ्लोअरवर डांबरी पट्ट्या चिकटवलेल्या असतील, त्याही पटाशीने काढा. डिकीतली स्टेपनी उचला. बॅटरीखालचा ट्रे बघा, तिथे पाण्याबरोबर ॲसिडनेही खाल्लेलं असतं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा, नारळ पारखतो तसं. टणटण वाजलं तर पत्रा आहे. धप्प वाजलं की टोक रोवून बघा. वरच्या बॉडीवर लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. जिथे जिथे सापडेल तिथे खडूने गोल करा. माझ्या गाडीवर एकवीस गोल झाले होते, आणि त्यातले सहाच बाहेरून दिसत होते.

सडलेला पत्रा कापूनच काढावा लागतो, त्याला औषध नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि तिथे २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला गुळगुळीत) पत्रा घडवून बसवायचा. जुने डेंटर गॅस वेल्डिंग सुंदर करतात, पण त्याच्या उष्णतेने मोठा पत्रा वाकडा होतो; सीओटू वेल्डिंगवाला (कार्बन डायऑक्साइडच्या झोतात तारेने जोडणारा) मिळाला तर त्याच्याकडे जा. सिल कापणार असाल तर हे डेंटरला निक्षून सांगा: दाराच्या चौकटीत आधी लोखंडी पाइपचा तात्पुरता टेकू वेल्ड करायचा, एका वेळी एकच बाजू कापायची, आणि दाराच्या फटी मोजत राहायचं. दोन्ही सिल एकदम कापल्या तर गाडी मधून वाकते आणि मग दारं जन्मभर लागत नाहीत. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. "रिकामीच आहे" असं कुणी म्हणालं तर त्याचं अजिबात ऐकू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

जिथे गंज वरवरचा आहे तिथे वायर ब्रशने पांढरा पत्रा येईपर्यंत घासायचं. खड्ड्यांच्या तळाशी जे काळं उरतं त्यावर फॉस्फरिक ॲसिडचं गंजनाशक लावायचं. त्याचा अर्थ गंज पुसला गेला असा नाही, उरलेल्या गंजाचं फॉस्फेट होतं एवढंच. सुट्या, पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ते ओतून काही होत नाही. सँडब्लास्टिंग जाड भागांना ठीक, पण बोनेट आणि दाराच्या पातळ पत्र्यावर करू देऊ नका, पापडासारखा लाटा घेतो.

यानंतर येतं ते कुठल्या व्हिडिओत मी पाहिलं नाही. आमच्या पेंटरने पत्रा आणि पुट्टी वॉटर पेपरने घासली, ती विहिरीच्या पाण्याने. आमची विहीर समुद्राजवळची, पाणी मचूळ. त्यातलं मीठ पत्र्यावर राहिलं, वर रंग चढला. रंगाखाली मीठ राहिलं की ते रंगातूनही ओलावा खेचून घेतं आणि फोड येतात. माझ्या बोनेटवर अगदी गोवर उठल्यासारखे आले होते. दोष पेंटरचा म्हणावा तर पाणी मीच दिलं होतं. तेव्हा शेवटचं धुणं गोड्या पाण्याने, लगेच हवेचा झोत मारून सुकवणं, आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर केशरी छटा आलेली असते. रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त पडतो, पण त्यातून पाणी झिरपतं. आणि पुट्टी लावायचीच तर एपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नको, कारण तीही पाणी पिते. वेल्डिंगच्या सांध्यांना सीलंट, मग रंग.

हे सगळं कधी करायचं? दिवाळीनंतर पत्रा उघडा करा आणि शिमग्याच्या आत प्रायमर-रंग उरका. डेंटर दोन महिने म्हणतो तेव्हा चार धरा, म्हणून गाडी ऑक्टोबरातच त्याच्या दारात उभी करा. पावसाळ्यात अर्धवट उघडी गाडी असणं यापेक्षा न उघडलेली गाडी बरी.

रंग झाल्यावर पोकळ पेट्यांमध्ये मेण. याला कॅव्हिटी वॅक्स म्हणतात, लांब नळीच्या कॅनमध्ये मिळतं. ही नळी सिलमध्ये, दारांत, डिकीच्या झाकणाच्या कण्यांत, आडव्या पेट्यांत घालून फवारायची. एप्रिलच्या भर दुपारी करा, पत्रा तापलेला असला की मेण सांध्यांत आपोआप ओढलं जातं. गाडी पुढून उचलून एकदा, मागून उचलून एकदा. पुढचे दोन दिवस खाली तपकिरी थेंब पडत राहतात, फरशीवर पुठ्ठे टाका नाहीतर घरातून ऐकून घ्यावं लागेल. थेंब थांबले की प्रत्येक भोकात तार घालून ते मोकळं आहे ना हे बघायचं. आमच्याकडे पूर्वी यासाठी जळकं ऑइल मारायचे. काही प्रमाणात ते चालतंही, पण रबराची बुशं फुगतात, सायलेन्सरजवळ धूर होतो आणि हातालाही ते चांगलं नाही. मेण महाग वाटलं तरी तेच घ्या.

हे एकदा करून सुटका नाही. कौलारू घर दर वैशाखात शाकारतो ना आपण, कौलं फुटलेली नसली तरी? गाडीचंही तसंच. मे महिन्यात भोकं तारेने साफ, खालची बाजू गोड्या पाण्याने धुवून दोन दिवस उन्हात, जिथे खडी उडून रंग गेलाय तिथे ब्रशने प्रायमर, दोन वर्षांतून एकदा मेण. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. तीन बाजूंनी मोकळी, वारा खेळणारी शेड बंद ओलसर खोलीपेक्षा चांगली, फक्त खाली माती नको. आणि कृपा करून किनाऱ्यावरच्या वाळूत फोटो काढायला नेऊ नका.

उभी गाडी जास्त गंजते हेही खरं. पण दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करणं हा त्यावर उपाय नाही. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं, ते थंड सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून खातं. पंधरा दिवसांनी एकदा वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, म्हणजे सगळं तापून सुकतं. टाकीही नऊ वर्षांत आतून गंजलेली असणार, उतरवली आहे तर साफ करून घ्या. हल्ली पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुने रबरी पाइप मऊ करतं, तेही बदला. ब्रेकचे लोखंडी पाइप कसेही दिसोत, सगळे नवे टाका. ब्रेक ऑइल पाणी शोषतं आणि ते पाइप आतूनही गंजतात.

सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसचा बाजार, दोन्हीकडे स्वतः जा. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे त्यांच्यासाठी बाजारात रोज येणाऱ्या भागांचा ओघ आता आटलाय. क्रोमच्या पट्ट्या आणि काचेची रबरं दिसतील तेव्हा उचला. बंपर जुनाच ठेवून पुन्हा क्रोम करून घेतलेला बरा.

कागदांचंही आताच बघा. तुमची गाडी पन्नाशीची झाली की २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते, दहा वर्षांसाठी, नंबरप्लेटवर 'व्हीए' मालिकेत. मात्र गाडी मूळ रूपात हवी, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालत नाही. तालुक्याला सामान आणायला न्यायची असेल तर नोंदणीचं साधं नूतनीकरणच बरं. दोन्हीकडे चासी नंबर तपासतात (वेगळी चासी नसली तरी नंबराला हेच म्हणतात, तो बॉडीवर असतो), म्हणून पत्रा कापण्याआधी तो कुठे ठोकलाय ते शोधा, फोटो काढा आणि डेंटरला तिथे हात लावू देऊ नका.

इंजिनाचं तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत. ते १०८९ सीसीचं आहे, साधं आहे, बहुधा अडकलेलंही नसेल. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. तोवर गालिचा उपसा आणि किती गोल निघाले ते इथेच कळवा.