३०० मिमी लेन्सने काढलेले मृगाच्या तेजोमेघाचे फोटो स्टॅक केले तर शार्प होतील का?

स्टॅक करणं म्हणजे बरेच फोटो एकावर एक बसवून त्यांची सरासरी काढणं. त्याने ते स्वच्छ होतील. शार्प होतीलच असं नाही.

तुम्ही लिहिलंय की ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही, साध्या ट्रायपॉडवर तीन-तीन सेकंदांचे ४० फोटो आहेत आणि तारे लांबट दिसतात. घोळ तिथेच आहे. मृगाच्या भागात आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. ४ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर ३०० मिमीवर एक पिक्सेल म्हणजे पावणेतीन विकला. तीन सेकंदांत तारा सोळा पिक्सेल ओढला जातो. सॉफ्टवेअर फ्रेमवर फ्रेम बरोबर बसवेल, पण प्रत्येक फ्रेममध्ये पडलेली रेघ पुसणार नाही. एक्सपोजर अर्ध्या सेकंदावर आणा, आयएसओ १६०० किंवा ३२००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). एकेक फ्रेम काळीकुट्ट दिसेल, दिसू द्या. फ्रेम मात्र भरपूर हव्यात, कारण नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, वर्गमुळाच्या हिशोबाने उतरतो: ४ फ्रेमला निम्मा, १०० ला दहावा हिस्सा. मी ४०० च्या खाली थांबत नाही.

फोकसबाबत माझी फजिती ऐका. एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये न बघता रिंग अनंतावर ठेवली आणि तासभर शटर चालवलं. निकाल? अत्यंत स्वच्छ, अजिबात दाणे नसलेली धुरकट चकती. तेव्हापासून ठळक तारा दहापट मोठा करून टिपका बारीकात बारीक होईपर्यंत रिंग हलवतो, मग तिला चिकटपट्टी लावतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशनही बंद ठेवतो.

दर चार मिनिटांनी आकाश एक अंश पुढे जातं, म्हणून तेजोमेघ पुन्हा मध्यावर आणावा लागतो. तो तंतोतंत जुन्या जागी बसवायचा अट्टहास नको. जरा इकडेतिकडे झालेलंच बरं, नाहीतर सेन्सरचे ठरावीक डाग एकाच दिशेने सरकत जातात आणि स्टॅकमध्ये तिरप्या पावसासारख्या रेघा उमटतात.

स्टॅक करायला सॉफ्टवेअर सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर, दोन्ही फुकट आहेत. लांबट ताऱ्यांच्या फ्रेम आधी निर्दयपणे काढून टाका. शार्पनेस वाढतो तो या छाटणीने. सिग्मा क्लिपिंग (सरासरीपासून फार वेगळे पिक्सेल वगळणारा पर्याय) निवडलंत की विमानं आणि उपग्रहही जातात. आणि झाकण लावून २० डार्क (फक्त सेन्सरचे डाग टिपणारे काळे फोटो) घ्यायचे ते तिथेच, त्याच सेटिंगवर. घरी येऊन घेतलेत तर सेन्सरचं तापमान जुळत नाही.