हवामान वाटाघाटींचा अभ्यास सुरू करताय? आधी एवढंच करा

पुण्यात बसून हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचा अभ्यास करायचा म्हणताय, जरूर करा. जयकर ग्रंथालयातले जाडजूड ग्रंथ उपसण्याआधी पॅरिस करार, म्हणजे हवामान बदलावरचा 2015 चा जागतिक करार, मुळातून वाचा. 29 कलमं आहेत, एका दुपारी होतात. चौथं कलम दोनदा वाचा. हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करण्याचं आपलं उद्दिष्ट ज्या त्या देशाने स्वतः ठरवायचं, ते तिथेच लिहिलंय.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे ताकद आणि नेतृत्व एकच समजणं. कोपनहेगनची 2009 ची हवामान परिषद बघा. पुढाकार घ्यायला युरोपीय संघ उत्सुक होता, पण निर्णायक तडजोड झाली अमेरिका, चीन, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात. ज्यांचं उत्सर्जन मोठं, त्यांना वगळून काही ठरत नाही, ही झाली ताकद. उलट, समुद्र चढल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी विमा-निधी हवा, ही मागणी वानुआतू या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या देशाने छोट्या बेटांच्या वतीने 1991 मध्ये मांडली. हानीभरपाईचा निधी मान्य झाला 2022 मध्ये, इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या परिषदेत. इतकी वर्षं विषय लावून धरणं हे नेतृत्वच, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

सुरुवातीला आणखी दोनच गोष्टी सांभाळा:

- एकेका देशापेक्षा गट ओळखा. भारत जी-77 या विकसनशील देशांच्या गटातही आहे आणि बेसिक (ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत, चीन) गटातही.
- घोषणा आणि पैसा वेगळा मोजा. विकसित देशांनी विकसनशील देशांना हवामानाच्या कामासाठी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर द्यायचं ठरलं होतं. देणाऱ्यांच्याच हिशेबाने तो आकडा 2022 मध्ये गाठला गेला.

सहावं कलम, कार्बन बाजार वगैरे सध्या राहू द्या. करार वाचून झाला की अडलेलं विचारा, सविस्तर सांगेन.