अल्टाडिनामध्ये जळालेले घर पुन्हा बांधताना ते काँक्रीटचे बांधावे का?

जानेवारी २०२५ च्या ईटन नावाच्या वणव्यात लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडिना येथील तुमचे घर गेले, आणि आता त्याच जागेवर बांधकाम करताना, पुण्याचे नातेवाईक सुचवतात त्याप्रमाणे, लाकडी सांगाड्याचा विचार सोडून सरळ काँक्रीटचे घर बांधावे का, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या कुटुंबावर जे ओढवले त्याचे मनापासून वाईट वाटते. मी कॅलिफोर्नियात घरांच्या आराखड्यांचे काम करणारा स्थापत्य अभियंता असून वणव्यानंतर पुन्हा बांधलेल्या काही घरांच्या कामात माझा सहभाग राहिला आहे. त्या आधारे माझे मत असे की, काँक्रीट परवडत असेल तर त्याला हरकत नाही; मात्र पैसा मोजका असेल तर तो भिंतींत घालण्याआधी छप्पर, झरोके, खिडक्या आणि घराला लागून असलेली पाच फूट जागा यांवर खर्च करावा.

घर पेटते कसे, हे समजले की हा क्रम का असा आहे ते ध्यानात येईल. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले, आणि घरापासून सुमारे तीस मीटर अंतरावर असलेल्या ज्वाळांच्या नुसत्या धगीने लाकडी भिंतसुद्धा सहसा पेटत नाही, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. बहुसंख्य घरे पेटतात ती वाऱ्याबरोबर उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी. ७ जानेवारीच्या त्या रात्री डोंगरावरून येणारा कोरडा वारा इतका प्रचंड होता की निखारे वस्तीत खोलवर जाऊन पडले. त्यांतून काही घरे पेटली, आणि मग एका घराच्या धगीने शेजारचे घर, अशी ती आग गल्लीगल्लीने पसरली. निखाऱ्याला भिंत फोडावी लागत नाही, त्याला आत शिरायला एक फट किंवा रेंगाळायला थोडा पालापाचोळा पुरतो.

म्हणूनच नुसत्या काँक्रीटच्या भिंतींनी घर वाचत नाही. खिडकीची काच फुटून निखारे आत गेले तर पडदे, सोफे, पलंग पेटतात आणि भिंती उभ्या राहूनही घर आतून खाक होते. आपल्याकडच्यासारखे विटांचे घर येथे सुचवणे तर धोक्याचेच आहे, कारण हा भूकंपाचा प्रदेश असून १९३३ च्या लाँग बीच भूकंपात विटांच्या इमारतींची जी पडझड झाली, तिच्यानंतर लोखंडी सळ्यांशिवाय केलेले विटांचे बांधकाम कॅलिफोर्नियात बंदच झाले. लाकडी सांगाडा भूकंपात लवचीक राहतो, आणि त्यावर बाहेरून सिमेंटचा गिलावा किंवा सिमेंटच्या तंतुमय फळ्या व त्यांच्यामागे अग्निरोधक जिप्समचा थर दिला तर ती भिंत तासभर आग सोसेल अशी बांधता येते. ज्यांना तरीही काँक्रीटच हवे आहे त्यांच्यासाठी आत काँक्रीट ओतण्याचे फोमचे साचे किंवा हलके सच्छिद्र ब्लॉक असे पर्याय आहेत, पण ते काम नीट जाणणारा कंत्राटदार आधी शोधावा.

छपराविषयी मात्र तडजोड करू नका. ‘क्लास ए’, म्हणजे आगीला सर्वाधिक दाद न देणाऱ्या दर्जाचे छप्पर घ्या; डांबरी शिंगल, पत्रा आणि कौले या तिन्हींत तो दर्जा मिळतो. तुमच्या भागात अर्धगोल मातीच्या कौलांची आवड आहे आणि ती स्वतः जळत नाहीत, परंतु वळचणीपाशी प्रत्येक कौलाखाली जी अर्धवर्तुळाकार पोकळी उरते तिच्यात पक्षी घरटी करतात, वाळकी पाने जमतात, आणि निखारा तेथे पोचला की थेट छपराच्या लाकडी फळीला भिडतो. या पोकळ्या सिमेंटने किंवा खास पत्र्याच्या तुकड्यांनी बुजवाव्या लागतात, आणि घाईच्या कामात नेमके हेच राहून जाते. म्हणून कौले बसत असताना शिडी लावून स्वतः पाहा. वळचण खालून बंद करून घ्या, कारण उघड्या वाशांमध्ये धग कोंडते. पन्हळी प्लास्टिकच्या नकोत, धातूच्या असाव्यात, आणि त्यांवर पाने अडवणारी धातूची झाकणे बसवावीत.

झरोक्यांचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने नगण्य असतो, तरी माझ्या मते हा एक तपशील घराचे भवितव्य ठरवतो. पोटमाळा आणि जमिनीखालची पोकळी हवेशीर राहावी म्हणून जे झरोके ठेवतात, त्यांना जुन्या घरांत बहुधा पाव इंची जाळी असे, आणि तिच्यातून निखारे सहज आत जात. आता जाळीचे छिद्र एक अष्टमांश इंचाहून मोठे चालत नाही. याहून चांगला पर्याय म्हणजे राज्याच्या फायर मार्शलच्या (अग्निसुरक्षा अधिकाऱ्याच्या) यादीतील, निखारे आणि ज्वाळा दोन्हींसाठी चाचणी झालेले झरोके; त्यांतील काहींमध्ये उष्णतेने फुगून छिद्रे बंद करणारा लेप असतो. रंगारी त्यांवर रंग मारून जाळी बुजवत नाही ना, एवढे मात्र बघा.

खिडक्यांना दुहेरी काच घ्या आणि त्यांतील निदान एक काच टेम्पर्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली असू द्या. दोन्ही घेतल्यास उत्तम. गॅरेजच्या दाराच्या कडांना फट राहू नये.

आता ती पाच फूट जागा. भिंतीपासून पाच फुटांत जळण्याजोगे काहीही नको: झाडांच्या सालींचे आच्छादन नको, झुडपे नकोत, सरपण नको, लाकडी बाक नको, तेथे खडी, फरशी किंवा काँक्रीट असावे. लोकांना हे जड जाते, कारण खिडकीखाली फुलझाडे लावायची सवय असते, आणि आपल्या घरांत दाराशी तुळस असते. तुळस अंगणात थोडी पुढे न्या आणि वाळलेल्या मंजिऱ्या वेळच्या वेळी काढत जा. लाकडी कुंपण घराला येऊन भिडत असेल तर शेवटचे पाच फूट धातूचे करा. तसे न केल्यास पेटलेले कुंपण वातीप्रमाणे आग भिंतीपर्यंत आणते.

या उपायांचा उपयोग होतो का, याचा पडताळा उत्तर कॅलिफोर्नियातील पॅराडाइझ गावी मिळाला. कॅलिफोर्नियाने वणव्याच्या क्षेत्रासाठीचे बांधकामाचे कडक नियम २००८ पासून लागू केले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथे लागलेल्या ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्यानंतर वृत्तपत्रांनी केलेल्या पाहणीत असे आढळले की त्या आगीच्या वाटेवरील २००८ नंतर बांधलेल्या घरांपैकी सुमारे ५१ टक्के घरांना इजा झाली नव्हती, तर त्याआधीच्या घरांत हे प्रमाण १८ टक्के होते. म्हणजे फरक मोठा आहे, पण नवी घरेही निम्म्याच्या आसपास गेली किंवा होरपळली, हेही विसरू नये. याचे एक कारण शेजार. दहा फुटांवरचे घर तासन्‌तास जळत राहिले तर तुमच्या चांगल्या भिंतीचीही सहनशक्ती संपते. अल्टाडिनाच्या अनेक गल्ल्यांत दोन घरांतील अंतर फार नाही, त्यामुळे शेजाऱ्यांशी आत्ताच, आराखडे कागदावर असतानाच बोला: समोरासमोर खिडक्या टाळता येतील, मागची शेड सामाईक हद्दीपासून दूर सरकवता येईल, सगळे मिळून एकच कंत्राटदार नेमला तर दरही कमी पडेल.

जागा वणव्याच्या कोणत्या धोका-क्षेत्रात येते हे काउंटीकडून लेखी घ्या. मार्च २०२५ मध्ये नकाशे नव्याने निघाले आहेत. तुमची जागा त्याबाहेर असली तरी वरील गोष्टी करा. हेडवॉटर्स इकॉनॉमिक्स या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासानुसार सुरुवातीपासून अग्निरोधक घर बांधण्याचा खर्च नेहमीच्या घराइतकाच येतो. जुन्या घरात बदल करणे मात्र महाग पडते. नव्या नियमांनुसार बांधताना जो वाढीव खर्च येतो त्यासाठी पॉलिसीत ‘ऑर्डिनन्स ऑर लॉ’ नावाचे संरक्षण आहे का, आणि किती रकमेचे, हे विमा कंपनीला लेखी विचारा. वळचण बंद होण्याआधी आणि झरोके बसवताना त्यांचे फोटो काढून ठेवा, खरेदीच्या पावत्या व चाचणीची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये लावा. कॅलिफोर्नियात अशा उपायांसाठी विम्याच्या हप्त्यात सवलत देणे कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि ती मागताना हेच कागद लागतील.